साइटमॅप दोनदा दिला, तरी बाबांची पावसाची वही गूगलवर सापडत नाही

पागोळी
९ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, एरवी मी पाककृतींत सापडते.

माझे वडील संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी रोजचा पाऊस मोजून वहीत लिहायचे. १९८८ ते २०१८, एकतीस पावसाळे. मृग लागला की वही उघडायची, स्वाती संपली की मिटायची. सकाळी साडेआठला मापक बघायचा, मिलिमीटर लिहायचे आणि मनात आलं तर पुढे एखादी ओळ. "वारा फिरला." "तरवा काढला." "वहाळाला पाणी, शाळा नाही." ते गेल्यावर दोन वर्षं बसून मी सगळ्या वह्या टंकल्या आणि भाच्याने वर्डप्रेसवर संकेतस्थळ करून दिलं. दिवसाला एक पान, एकूण ४,७१२ पानं.

दोन महिन्यांपूर्वी गूगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारी सोय) साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, दिला. लाल अक्षरांत आलं की साइटमॅप वाचता आला नाही. भाचा म्हणाला, आत्या, काढून परत दे. परत दिला, परत तेच. गावाचं नाव आणि "पाऊस" असं शोधलं तर हवामानाची तीच ती चार संकेतस्थळं येतात.

आता एका ओळखीच्यांच्या ओळखीतून एक जण भेटलेत. पाच हजारांत ५०० सर्च इंजिनांना साइटमॅप सादर करून देतो म्हणतात. द्यावेत का?

उसळपाव
९ एप्रिल, रात्री १०:५५

ताई, देऊ नका. त्यांना म्हणावं, आधी ५०० सर्च इंजिनांची नावं कागदावर लिहून द्या. पंचवीस जरी आठवली तरी माझ्याकडून त्यांना मिसळ.

सह्यकडा
९ एप्रिल, रात्री ११:२०

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये "वाचन" नावाचं पान आहे. तिथे सर्च इंजिनांना या साइटपासून परावृत्त करा, अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बनत असताना लोक त्यात टिक करतात आणि मग विसरतात. टिक असेल तर वर्डप्रेस स्वतःचा साइटमॅप बनवतच नाही, त्या पत्त्यावर "पान सापडले नाही" येतं. माझ्या ट्रेकच्या ब्लॉगवर ही टिक आठ महिने होती. आठ महिने मी एसईओवरचे (साइट शोधात वर आणण्याचे) व्हिडिओ बघत होतो.

रात्रपाळी
१० एप्रिल, पहाटे २:१४

साइटमॅपचा पत्ता साध्या ब्राउझरमध्ये उघडा. काय दिसतं ते जसंच्या तसं इथे लिहा. तोवर कोणी अंदाज लावू नका.

पागोळी
१० एप्रिल, सकाळी ९:०५

सह्यकडा, ती टिक भाच्याने आधीच काढलेली होती, आत्ताही बघितलं.

रात्रपाळी, उघडलं. वर गुलाबी चौकोन येतो. त्यात इंग्रजीत लिहिलंय, त्याचा अर्थ असा : दुसऱ्या ओळीत सहाव्या जागी चूक, एक्सएमएलची घोषणा दस्तऐवजाच्या अगदी सुरुवातीलाच चालते. खाली नुसतं कोरं.

रात्रपाळी
१० एप्रिल, सकाळी ९:११

सापडलं. "दुसऱ्या ओळीत" हे महत्त्वाचं. म्हणजे पहिली ओळ कोरी आहे. साइटमॅप एक्सएमएल नावाच्या साच्यात असतो, आणि एक्सएमएलच्या फाइलमध्ये घोषणेच्या आधी एक मोकळी जागासुद्धा चालत नाही. साध्या पानांच्या एचटीएमएलला तिचं काही वाटत नाही, त्यामुळे बाकीची साइट झकास दिसते आणि फक्त साइटमॅप मरतो.

भाच्याला विचारा : थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये नेटवरून उचललेला एखादा तुकडा चिकटवलाय का? त्या फाइलच्या शेवटी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) बंद करणारं चिन्ह असेल आणि त्यानंतर एकाहून जास्त एंटर असतील, तर ती कोरी ओळ प्रत्येक पानाच्या डोक्यावर जाते. ते बंद करणारं चिन्हच काढून टाकायचं. शेवटी ते नसलं तरी चालतं, नसलेलंच बरं. कॅशचं (पानांच्या तयार प्रती साठवणारं) प्लगिन असेल तर ते रिकामं करायला विसरू नका, नाहीतर जुनाच साइटमॅप दिसत राहील आणि मला शिव्या पडतील.

चिकूवाडी
१० एप्रिल, दुपारी १:३०

एवढं कशाला? गूगलला पिंग करायचा, म्हणजे साइटमॅप आहे असं कळवायचा, एक पत्ता असतो. त्याच्यापुढे तुमच्या साइटमॅपचा पत्ता जोडायचा, एंटर मारायचं, झालं. लॉगिनसुद्धा लागत नाही. मी २०१४ पासून तेच करतोय. आणि साइटमॅपमध्ये प्रत्येक पानाचं प्रायॉरिटी (किती महत्त्वाचं ते) १.० ठेवा, लवकर येतं.

खिळेजुळारी
१० एप्रिल, संध्याकाळी ७:४८

चिकूवाडी, तुम्ही अजून ते करत असाल तर बंद दारावर टकटक चालू आहे. गूगलने जून २०२३ मध्ये जाहीर करून त्या वर्षाच्या शेवटी ती सोय काढून टाकली. बिंगने त्याच्याही आधी, २०२२ मध्ये. लॉगिन न मागणारं दार असल्यावर तिथून काय येणार? कचराच येत होता. तसं गूगलने स्पष्ट म्हटलंही.

प्रायॉरिटीचं म्हणाल तर गूगल तो रकाना वाचतच नाही. पान किती दिवसांनी बदलतं हे सांगणारा दुसरा रकानाही वाचत नाही. अख्ख्या गावाला पहिल्या पंगतीचं आमंत्रण दिल्यावर पहिली पंगत उरते कुठे? वाचला जातो तो एकच, शेवटच्या बदलाची तारीख, आणि तीही तुमच्या तारखा खऱ्या निघत असतील तरच. वर्डप्रेसच्या स्वतःच्या साइटमॅपमध्ये ही तारीख २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून येते.

थोडं मागचं सांगतो, कारण लोक साइटमॅपला अर्ज समजतात. हा प्रकार गूगलने जून २००५ मध्ये आणला. २००६ च्या नोव्हेंबरात याहू आणि मायक्रोसॉफ्टने तोच नमुना स्वीकारला, म्हणून आज एकच फाइल सगळीकडे चालते. २००७ मध्ये रोबॉट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांसाठी सूचना असतात ती फाइल) "साइटमॅप :" अशी एक ओळ लिहायची सोय आली. ती ओळ असली की कुठलंही सर्च इंजिन स्वतःहून येऊन फाइल उचलतं. वर्डप्रेस ती ओळ आपोआप घालतं. म्हणजे पागोळीताई, तुमचा साइटमॅप "सादर" आधीपासून झालेलाच आहे. सर्च कन्सोलमध्ये देण्याचा फायदा एवढाच की वाचला की नाही, किती पानं दिसली, कुठे अडलं हे तुम्हाला कळतं. तुम्हाला ती लाल अक्षरं दिसली ती त्यामुळेच. त्या पाच हजारवाल्यांनी ती दाखवली नसती.

उसळपाव
१० एप्रिल, संध्याकाळी ७:५६

जून २००५ ला साइटमॅप आला आणि जुलै २००५ ला २६ तारीख. ताई, बाबांनी त्या दिवशी काय लिहिलंय?

पागोळी
१० एप्रिल, रात्री ९:३०

"मापक दोनदा ओतून रिकामा केला. तिसऱ्यांदा गेलो नाही." त्या दिवशी आकडाच नाही. एकतीस वर्षांत आकडा नसलेले दिवस फार थोडे आहेत, त्यातला तो एक.

भाच्याने कबूल केलं. पाऊस पडताना दिसण्यासाठी (पडद्यावर थेंब!) त्याने कुठूनतरी कोड आणून चिकटवला होता. कोरी ओळ काढली, आता साइटमॅप नीट दिसतोय. आत तीन फाइली आहेत : दोन हजार, दोन हजार आणि ७१२. तीन कशाला? एक का नाही?

रात्रपाळी
११ एप्रिल, रात्री १२:०२

नियमाप्रमाणे एका फाइलीत ५०,००० पत्ते आणि न दाबलेल्या स्थितीत ५० एमबी चालतात. वर्डप्रेस स्वतःहून दोन-दोन हजारांचे गठ्ठे करतं. तुम्ही फक्त वरची सूची द्यायची, आतल्या फाइली गूगल स्वतः उघडतं.

एक अजून. सर्च कन्सोलमध्ये साइट कशी नोंदवली आहे? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून की नुसती, आणि सुरुवातीच्या एचटीटीपीपुढे "एस" आहे की नाही?

पागोळी
११ एप्रिल, सकाळी ८:४०

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, एस नाही. साइट उघडली की मात्र एस येतो आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जातं. हे चूक का?

रात्रपाळी
११ एप्रिल, सकाळी ८:४४

गूगलच्या दृष्टीने ती दोन घरं आहेत. तुम्ही रिकाम्या घराच्या खिडकीत बसून वाट बघताय. "डोमेन" प्रकारची नोंद करा, म्हणजे चारही रूपं एकात येतात. त्यासाठी डोमेन जिथून घेतलं तिथे डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) गूगलने दिलेली टीएक्सटी नोंद टाकावी लागते. भाचा करेल.

एक_शंका
११ एप्रिल, दुपारी ४:१५

धागा पळवत नाही, पण माझा ब्लॉगर डॉट कॉमवर मराठी कवितांचा ब्लॉग आहे, नव्वदेक नोंदी. तिथे साइटमॅप कुठून बनवायचा? आणि माझ्या सगळ्या नोंदींचे पत्ते "ब्लॉग-पोस्ट", "ब्लॉग-पोस्ट_१७" असे का आहेत? मैत्रिणीच्या इंग्रजी ब्लॉगवर छान शीर्षक येतं.

खिळेजुळारी
११ एप्रिल, रात्री ८:२०

ब्लॉगर साइटमॅप स्वतः बनवतो. तुमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि "साइटमॅप डॉट एक्सएमएल" एवढंच सर्च कन्सोलमध्ये द्या. "माझ्याविषयी" वगैरे स्थिर पानांसाठी वेगळी "साइटमॅप-पेजेस" नावाची फाइल असते, तीही द्या.

पत्त्याचं दुखणं जुनं आहे. ब्लॉगर शीर्षकातली रोमन अक्षरं तेवढी उचलतो, देवनागरी गाळून टाकतो. शीर्षक पूर्ण मराठी असेल तर हातात काहीच उरत नाही, म्हणून "ब्लॉग-पोस्ट". हजारो मराठी ब्लॉगांचे पत्ते असे अनाथ आहेत. प्रकाशित करण्याआधी बाजूच्या रकान्यात पत्ता स्वतः लिहिता येतो, मात्र रोमनमध्येच. जुन्या नव्वद नोंदींचे पत्ते आता बदलू नका, आलेले दुवे तुटतील. पुढच्यांचे नीट द्या.

पागोळी
५ मे, रात्री ९:१८

मंडळी, परत आले. साइटमॅप हिरवा झाला! "यशस्वी" आणि ४,७१२ पानं सापडल्याचं लिहून आलं. मी घरात पुरणपोळ्या केल्या.

आज बघितलं तर गूगलमध्ये आलेली पानं ३८. तीन आठवड्यांत अडतीस. बाकीच्यांपुढे दोन प्रकारची कारणं आहेत. साधारण ९०० पानांना "सापडलं, सध्या अनुक्रमित नाही" आणि उरलेल्या सगळ्यांना "वाचलं, सध्या अनुक्रमित नाही". वाचलं आणि घेतलं नाही? बाबांचं अक्षर आवडलं नाही का यांना?

एका ताईंनी सांगितलं की इंडेक्सिंग एपीआय नावाचं काहीतरी आहे, त्याने सक्तीने घेतात.

रात्रपाळी
५ मे, रात्री ११:५०

इंडेक्सिंग एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या व्हिडिओ-पानांसाठी आहे. पावसासाठी नाही. सोडा.

खिळेजुळारी
६ मे, सकाळी ७:३०

पागोळीताई, आता प्रश्न बदलला. इथवर निरोप पोचतो की नाही हे बघत होतो. निरोप पोचलाय.

"सापडलं" म्हणजे पत्ता कळला, अजून कोणी आलं नाही. "वाचलं" म्हणजे येऊन, बघून, परत गेले. दुसरं अधिक बोचतं, पण अधिक उपयोगाचंही तेच आहे. साइटमॅप ही फक्त यादी. यादीत नाव असलं म्हणजे पान घेतलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही, गूगलही तसं कधी म्हणत नाही.

मी तुमची वीसेक पानं उघडून बघितली. राग मानू नका. १२ जुलै १९९४ च्या पानावर मजकूर एवढाच : "४२ मिमी. वारा पश्चिमेचा." त्याभोवती शीर्षपट्टी, बाबांचा परिचय, फोटो, तळपट्टी, सगळं प्रत्येक पानावर तेच. चार शब्द वेगळे आणि दोनशे शब्द सारखे, अशी ४,७१२ पानं. यंत्राला ती एकाच पानाच्या झेरॉक्स वाटतात. त्यातून त्याने ३८ निवडली. कुठली निवडली ते बघितलंत का?

पागोळी
६ मे, सकाळी १०:१०

आत्ता बघितलं. अंगावर काटा आला. बहुतेक सगळी अशी, जिथे बाबांनी आकड्यापुढे चार-पाच ओळी लिहिल्यात. वहाळात म्हैस गेली तो दिवस. २६ जुलै २००५ आहे. माझं लग्न झालं त्या दिवशीचं पानही आहे. भर पावसात लग्न लावलं म्हणून त्यांनी सगळ्यांची कारणमीमांसा केलीय.

सह्यकडा
६ मे, सकाळी १०:३२

यंत्राला कळलं म्हणायचं!

खिळेजुळारी
६ मे, दुपारी १२:४५

यंत्राला मजकूर कळला एवढंच म्हणू. दुसरं : तुमच्या मुखपृष्ठावरून एखाद्या दिवसाकडे जायचं तर वर्ष निवडा, महिना निवडा, तारीख निवडा, मग "पहा" दाबा. माणसाला ठीक आहे. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) अशी खाली उघडणारी यादी उघडत नाही आणि बटण दाबत नाही, तो साध्या दुव्यांवरून चालतो. तुमच्या ४,७१२ पानांकडे जाणारी एकही साधी वाट साइटमध्ये नाही. साइटमॅप सोडला तर ती पानं जगात कुणीच कुणाला दाखवत नाही. ज्या पानाकडे त्याचं स्वतःचं घर बोट दाखवत नाही, त्याला बाहेरच्याने का महत्त्व द्यावं? लहान साइट असेल, समजा पाचशेच्या आत पानं, आणि सगळी एकमेकांना नीट जोडलेली, तर साइटमॅप नसला तरी अडत नाही, असं गूगलच्या मदतीच्या पानावरच आहे.

तिसरी गंमत पत्त्यांची. १२ जुलैच्या पानाचा पत्ता बघा : "बाबांच्या-वहीतील-पाऊस-१२" आणि पुढे कसलातरी क्रमांक. जुलै कुठे गेला? १९९४ कुठे गेलं?

पागोळी
६ मे, दुपारी १:२०

अय्या, खरंच की. मी कधी बघितलंच नाही, वरती नुसत्या टक्क्यांच्या खुणा दिसतात. काय झालंय हे?

खिळेजुळारी
६ मे, रात्री १०:०५

सावकाश सांगतो, मराठीत वर्डप्रेस वापरणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे.

वेबच्या पत्त्यात देवनागरी थेट जात नाही. प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन जागा खातो. म्हणजे एकटा "क" नऊ जागा घेतो : %ई०%ए४%९५. (इथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी लिहिलीय, समजून घ्या.) काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, देवनागरी अंक, सगळ्यांना प्रत्येकी नऊ. वर्डप्रेस नोंदीच्या पत्त्याला २०० जागा देतं. नऊने भागा, हातात बावीस चिन्हं येतात. शीर्षक कितीही लांब असो, पत्ता बाविसाव्या चिन्हाच्या आसपास तुटतो.

तुमचं शीर्षक "बाबांच्या वहीतील पाऊस १२ जुलै १९९४". "बाबांच्या" नऊ चिन्हं, "वहीतील" सहा, "पाऊस" चार, "१२" ची दोन. झाली एकवीस, मध्ये जोडरेघा. "जु" मधला "ज" बसायलाही जागा नाही. मग एकतीस वर्षांतल्या जून ते ऑक्टोबरच्या सगळ्या १२ तारखा, म्हणजे १५५ पानं, एकाच पत्त्यावर भांडायला येतात आणि वर्डप्रेस त्यांना २, ३, ४ असे शेपटीचे आकडे लावत सुटतं. एक आकडी तारखांची मजा आणखी वेगळी. "५ जुलै" ला एक चिन्ह जास्त मिळतं, पत्ता होतो "पाऊस-५-ज". तो जून की जुलै ते देव जाणे. ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोघेही "ऑ".

पत्ता तुटल्याने गूगल पान नाकारतं असं मी म्हणत नाही, देवनागरी पत्ते त्याला नीट वाचता येतात. पण माणसाला दुव्यावरून काही कळत नाही आणि पुढे तुम्हाला स्वतःलाच सावरता येणार नाही.

रात्रपाळी
६ मे, रात्री १०:३३

+१. वर्षानुवर्षं वर्डप्रेस चालवतोय, हा हिशेब कधी मांडून बघितला नव्हता. वाचनखूण साठवली.

उसळपाव
६ मे, रात्री १०:४०

थोडक्यात, शीर्षकात "बाबांच्या वहीतील" आधी लिहिल्याने बाबा राहिले आणि पाऊस वाहून गेला.

चिकूवाडी
७ मे, सकाळी ९:२०

मग उपाय काय? महिन्याला एक पान करा. १५५ च्या आसपास पानं, भरगच्च मजकूर.

पागोळी
७ मे, सकाळी ११:००

रात्रभर विचार केला. महिना नको. बाबा महिन्याने पाऊस मोजतच नव्हते. वहीत प्रत्येक नक्षत्राच्या शेवटी त्यांनी बेरीज मारलीय आणि एक-दोन ओळींत निकाल दिलाय. "आर्द्रा वाहन बेडूक, पण बेडूक झोपला." "तरण्यापेक्षा म्हातारा जोरात." पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा हे इथे सगळ्यांना माहीत असेलच. मृग ते स्वाती अकरा नक्षत्रं, एकतीस वर्षं, ३४१ पानं. प्रत्येक पानावर तेरा-चौदा दिवसांचा तक्ता, बाबांच्या ओळी, बेरीज आणि त्यांचा निकाल. चालेल का?

खिळेजुळारी
७ मे, सकाळी ११:०८

चालेल म्हणजे? यापेक्षा चांगली विभागणी मला सुचली नसती. लोक शोधतातही तसंच, "मृग नक्षत्र पाऊस", "हस्ताचा पाऊस". तारखेने कोण शोधतं?

सह्यकडा
७ मे, दुपारी ३:१५

एक अडचण. नक्षत्र लागायची तारीख कुठल्या पंचांगाची धरणार?

पागोळी
७ मे, दुपारी ३:४०

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. आमच्याकडे टिळक पंचांग. त्यामुळे बाबांचा मृग दात्यांच्या मृगाच्या चार दिवस आधी लागतो, जशी आमची संक्रांत १० जानेवारीला असते. बाबांनी वहीत "मृग लागला" लिहिलंय तीच तारीख धरणार आणि हे सगळीकडे ठळक लिहिणार, नाहीतर लोक आकडे चुकले म्हणतील.

एक_शंका
७ मे, संध्याकाळी ५:००

पण मग रोजची पानं पुसून टाकणार? कुणी अभ्यासक आला तर त्याला रोजचे आकडेच हवे असतील ना?

रात्रपाळी
८ मे, रात्री १:१०

अभ्यासकाला ४,७१२ पानं नको असतात, त्याला एक फाइल हवी असते. सगळे आकडे एका सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या फाइलीत) टाका आणि उतरवून घ्यायला ठेवा. पावसाच्या माणसाला त्याहून मोठी भेट नाही.

जुन्या पानांचं : पुसली तर पत्ते मरतील, त्यातले ३८ तर गूगलमध्ये आहेत. प्रत्येक जुना पत्ता त्याच्या नक्षत्राच्या पानाकडे कायमचा वळवा, ३०१ ने. तारखेवरून नक्षत्र काढणारी दहा ओळींची स्क्रिप्ट पुरेल, भाच्याला पडद्यावरचे थेंब जमले तर हेही जमेल. नव्या साइटमॅपमध्ये वळवलेले पत्ते ठेवू नका. "मला घेऊ नका" अशी पाटी लावलेली पानंही नकोत. यादीत नाव आणि दारावर "प्रवेश बंद" असं दोन्ही केलं की कन्सोल तुमच्याशी भांडतं. आणि मुखपृष्ठावर एकतीस वर्षांचे साधे दुवे द्या, वर्षाच्या पानावर अकरा नक्षत्रांचे. खाली उघडणारी यादी आणि बटण हवं तर राहू दे.

नवे पत्ते छोटे रोमनमध्ये हाताने द्या : वर्ष आणि नक्षत्राचं नाव. बावीस चिन्हांची भानगडच संपली.

उसळपाव
८ मे, सकाळी ८:००

रोमन? पावसाच्या वहीला? आर्द्रा देवनागरीत लिहिली तर फक्त सात चिन्हं होतात, मोजली मी. वर्षासकट अकरा. बसतंय की.

रात्रपाळी
८ मे, सकाळी ८:१५

बसतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात की शंभरावर जागांची टक्क्यांची रांगोळी दिसते. तुमच्या मावशी त्याला व्हायरस समजून उघडणार नाहीत.

पागोळी
८ मे, सकाळी ९:०२

माझ्या तर नक्कीच नाहीत. रोमन ठेवते.

पागोळी
११ जून, रात्री १०:१५

हालहवाल. भाच्याने परीक्षा संपल्यावर सगळं केलं. ३४१ पानं, एकतीस वर्षांची पानं, एक सीएसव्ही. जुना साइटमॅप कन्सोलमधून काढला, नवा दिला, दुसऱ्याच दिवशी वाचला गेला. बिंगवालाही दिला. तिथे नवीन काही भरावं लागलं नाही, गूगलच्या कन्सोलमधून थेट आयात झालं. इंडेक्सनाउ नावाचं एक प्लगिनही बसवलं, पान बदललं की ते बिंगला लगेच कळवतं.

खिळेजुळारी
११ जून, रात्री १०:४०

उत्तम. इंडेक्सनाउ बिंग आणि यांडेक्सने २०२१ मध्ये काढलं, गूगल त्यात नाही. गूगलसाठी महत्त्वाच्या चार-पाच पानांचा पत्ता कन्सोलच्या तपासणीच्या चौकटीत टाकून "अनुक्रमणाची विनंती" करा. सगळ्या ३४१ साठी करत बसू नका, दिवसाची मर्यादा असते आणि बोटं दुखतात. किती आली आतापर्यंत?

पागोळी
११ जून, रात्री १०:५२

११६. काल "हस्ताचा पाऊस संगमेश्वर" शोधलं, तर पहिल्या पानावर सहाव्या क्रमांकावर बाबा! आईला दाखवलं. ती म्हणाली, आधीची पाच कोण आहेत?

उसळपाव
११ जून, रात्री १०:५५

आईंना साष्टांग नमस्कार.

सह्यकडा
१८ जून, रात्री ११:३०

ताई, एक विनंती. माझं आजोळ जांभूळपाड्याचं. १९८९ च्या जुलैत अंबा नदीचा पूर आला तेव्हा मी चार वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. तुमचं गाव तिथून बरंच खाली, पण २४ जुलै १९८९ च्या आसपास बाबांनी काही लिहिलंय का? गूगलवर शोधलं, तुमचं पान आलं नाही.

पागोळी
१९ जून, सकाळी ७:२०

१९८९ चा पुष्य अजून "वाचलं, सध्या नाही" मध्येच आहे, म्हणून आलं नसेल. वही काढली. २३ ला "रात्रभर कौलांवर एकच आवाज." २४ ला आकडा आणि "सोमवार, पेपर आला नाही." २५ ला असं :

"रेडिओवर जांभूळपाड्याची बातमी. माणसं झोपेत गेली. आपल्या वहाळाचं पाणी चार वाजता उतरलं. इथे मोजायला बसलोय त्याची लाज वाटली. तरी मोजलं."

सह्यकडा
१९ जून, सकाळी ७:४१

आईला वाचून दाखवलं.

माझ्या ब्लॉगवर जांभूळपाडा ते सुधागड अशी एक जुनी नोंद आहे, तिथे बऱ्यापैकी लोक येतात. त्यात आज या पानाचा दुवा घालतो. पत्ता द्याल?

पागोळी
१९ जून, सकाळी ७:४४

व्यक्तिगत निरोप केलाय.